विस्कटलेले वेळापत्रक

मुरुडला आगगाडी नाही. जवळात जवळ स्टेशन म्हणजे रोहा, आणि तेथवर पोचायचे तर एस.टी.ने डोंगर चढून उतरावा लागतो. अशा गावात मुंबईच्या लोकल गाड्यांविषयी कशाला बोलायचे, असे कोणी विचारील. पण येथल्या कोळीवाड्यात किंवा बाजारपेठेत असे घर शोधूनही सापडणे कठीण, की ज्या घरचा मुलगा, पुतण्या वा जावई डोंबिवलीस, नालासोपाऱ्यास नाहीतर पनवेलीस राहत नाही. त्याची हजेरी लोकलवर, पगार हजेरीवर, आणि येथल्या आईबापांची मनिऑर्डर त्या पगारावर. हल्ली ती मनिऑर्डर मोबाइलवरून येते, एवढाच काय तो फरक.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी दूरदर्शनवर कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली गेलेले दिसतात. रात्री बातमी येते की पाणी ओसरले, मार्ग मोकळा झाला. आईचा जीव भांड्यात पडतो. आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन येतो : दोन तास फलाटावर उभा होतो, तीन गाड्या रद्द झाल्या, चौथीत पाय ठेवायला जागा नव्हती. मार्ग मोकळा झाला तर गाड्या का नाहीत? या प्रश्नाला चहाच्या दुकानात मिळणारे उत्तर ठरलेले आहे : रेल्वेवाल्यांचा हलगर्जीपणा. हलगर्जीपणा कोठेच नसतो असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण प्रत्येकाने जीव ओतून काम केले तरीही विस्कटलेले वेळापत्रक एका रात्रीत बसत नाही. त्या वेळेपैकी किती अटळ आहे आणि किती आपण काटकसरीच्या नावाखाली स्वतः ओढवून घेतली आहे, हे वेगळे करून दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही रेल्वेचे नोकर नव्हे, इंजिनियर तर नव्हेच. रात्रशाळा आणि वाचनालय हेच आमचे विद्यापीठ. परंतु हजेरीपट, पाळ्या, जादा काम आणि विश्रांतीचे तास यांवर मालकांशी हुज्जत घालण्यात तीस वर्षे गेली. चाळीत शेजारी मोटरमन होते, गार्ड होते. त्यांनी कागदावर रेघा ओढून आम्हांस पुष्कळ शिकविले. तेच येथे मांडीत आहोत.

आपल्या एस.टी.पासूनच सुरुवात करू. मुरुड आगाराची गाडी सकाळी मुंबईस निघते. वडखळला वाहने तुंबली आहेत. गाडी दोन तास अडकते. पुढे रस्ता मोकळा होतो. पण मुंबई सेंट्रलला परतीच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी मास्तरला विचारतो, "रस्ता तर मोकळा आहे म्हणता, मग मुरुडची गाडी का लागत नाही?" लागत नाही, कारण ती अजून आलेलीच नाही. जी सकाळी इकडून गेली तीच संध्याकाळी तिकडून यावयाची असते. बरे, ती दोन तास उशिरा आली. लगेच सोडायची का? चालक पहाटेपासून चाकावर आहे. त्यास दोन घास खाऊ द्यायचे की नाहीत? आणि समजा ती गाडी मुरुडला परतल्यावर रात्री एखाद्या खेड्यात मुक्कामी जावयाची होती. ती गेली नाही, तर त्या खेड्यातल्या मुलांची उद्या सकाळची शाळा बुडाली. वडखळच्या दोन तासांचा हिशेब असा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याच गावात चुकता होतो.

११ जुलै २०२१ रोजी काशीदजवळचा पूल पावसात कोसळला आणि अलिबागचा सरळ रस्ता तुटला. तेव्हा प्रश्न निराळा होता. गाडी उशिरा धावणार नव्हती. वळसा घेऊन रोज जास्त वेळ धावणार होती. ज्या गाडीच्या दिवसाकाठी चार फेऱ्या व्हायच्या तिच्या तीनच होणार असतील, तर चौथ्या फेरीच्या प्रवाशांनी काय करावे, आणि चालकाची पाळी कोठे संपवावी? म्हणजे जुने वेळापत्रक पुढे ढकलून भागत नाही. ते मोडून नवे करावे लागते. या दोन गोष्टी, उशीर आणि मोडतोड, मनात वेगळ्या ठेवल्या की पुढचे सगळे सोपे जाईल.

आता लोकलकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तिला वाटेत तासभर उशीर झाला असता, तरी तिच्या मागे कोणी अडले नसते. २०२० च्या आधी मुंबईत मध्य रेल्वेच्या दिवसाला १,७७४ आणि पश्चिम रेल्वेच्या १,३६७, मिळून ३,१४१ लोकल फेऱ्या होत. गर्दीच्या वेळी एकाच रुळावर साधारण दर तीन-चार मिनिटांनी गाडी. फेऱ्या एवढ्या, पण गाड्या एवढ्या नाहीत, हे ध्यानात घ्यावे. एकच गाडी (रेल्वेवाले तिला रेक म्हणतात) सकाळी कल्याणहून येते, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उलटी फिरून ठाण्यास जाते, तेथून परत येते, मग कसाऱ्यास जाते, आणि रात्री ठरलेल्या कारशेडमध्ये शिरते. कोणत्या रेकने दिवसभरात कोणत्या फेऱ्या करायच्या याची जी साखळी, तिला 'लिंक' म्हणतात. इंडिकेटरवर आपल्याला दिसते ते वेळापत्रक म्हणजे घड्याळाची तबकडी. लिंक हे आतले एक चक्र. मोटरमन आणि गार्ड यांची लिंक वेगळी. ते दुसरे चक्र. (गार्डला २०२२ पासून कागदोपत्री 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. पगारपत्रकाच्या बाहेर ते नाव फारसे कोणाच्या तोंडी बसलेले आम्ही पाहिले नाही.) कारशेडमधल्या तपासणीचे चक्र तिसरे, आणि रुळांच्या देखभालीचे चौथे. तबकडीवरचा काटा बोटाने फिरविता येतो. आतली चक्रे त्याबरोबर फिरतीलच असे नाही.

हे वेळापत्रक आखतात कसे? एक मोठा कागद डोळ्यांपुढे आणा. डावीकडे खालपासून वरपर्यंत स्टेशनांची नावे : मुंबई, भायखळा, दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण. आडव्या बाजूला मिनिटे. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावर तिरकी चढत जाणारी एक रेघ. जलद गाडीची रेघ उभट, धीम्या गाडीची आडवी. एकाच रुळावरच्या दोन रेघा एकमेकींना छेदू शकत नाहीत. छेदल्या तर त्याला अपघात म्हणतात. शेकडो रेघा अशा बसवायच्या, की कोठेही छेद नाही, आणि प्रत्येक रेघ जेथे संपते तेथून दुसरी रेघ त्याच रेकची म्हणून निघते. एक रेघ दोन मिनिटे सरकविली की शेजारची सरकवावी लागते, तिच्यामुळे तिसरी. हातमागावर एक धागा ओढला की सारे कापड आकसते, तसे.

शिवाय त्या कागदावर लोकल एकटी नाही. कल्याणला एक फाटा कसाऱ्याकडे जातो, एक कर्जतकडे. दोन्हींकडून घाट उतरून लांब पल्ल्याच्या गाड्या येतात. पुण्याहून येणारी डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे. तिची वेळ मुंबईवाल्यांनी एकट्याने बदलता येत नाही. नागपूर, भुसावळ, सोलापूर येथे जी वेळ ठरते तिची शेपटी कल्याणला लोकलच्या रेघांत येऊन अडकते. म्हणून मोठा फेरबदल करावयाचा तर शेजारच्या विभागांची संमती लागते. पत्रव्यवहार आला, बैठका आल्या. यात किती दिवस जातात हे ज्याने सरकारी कचेरीत एक सातबारा दुरुस्त करून घेतला आहे त्यास सांगावयास नको.

आधी साधा उशीर घेऊ. सकाळी घाटकोपरला वीस मिनिटे गाडी अडली. दर तीन मिनिटांना एक या हिशेबाने तिच्यामागे सहा-सात गाड्या उभ्या राहिल्या. आता सिग्नल मिळाला; सर्व निघाल्या. पण पुढे टर्मिनसला फलाट किती? मुंबई टर्मिनसला लोकलसाठी हार्बर धरून सात, चर्चगेटला तर अवघे चार. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत उठल्याखेरीज, पाने उचलून जागा पुसल्याखेरीज दुसरी बसत नाही. बाहेर कितीही पाहुणे ताटकळोत. तसेच येथे. गाडी लागायची, लोक उतरायचे, चढायचे, दुसऱ्या टोकाच्या मोटरमनने ताबा घ्यायचा, गाडी निघायची. मगच मागची आत. सात गाड्या एकदम आल्या म्हणून फलाट सात जास्त होत नाहीत.

दरम्यान वाटेतल्या स्टेशनांवर माणसे साचत असतात. वीस मिनिटांची गर्दी पहिल्या गाडीवर तुटून पडते. जेथे अर्धा मिनिट थांबायचे तेथे दीड मिनिट लागते, कारण दारातली माणसे आत सरकत नाहीत आणि फलाटावरची मागे हटत नाहीत. म्हणजे उशिराची गाडी प्रत्येक स्टेशनावर आणखी उशिरा होत जाते, आणि तिच्या मागची त्यामानाने रिकामी गाडी तिला येऊन भिडते. तासभर काही नाही आणि मग ओळीने तीन, हा अनुभव सर्वांचा आहे. त्यात कोणाचा खोडसाळपणा नसतो. गर्दीचे ते गणितच आहे. अशा वेळी कंट्रोलमधला माणूस काही फेऱ्या रद्द करतो, कल्याणची गाडी ठाण्यालाच फिरवितो, जलद गाडीस धीम्या मार्गावर घालतो. फलाटावरच्या माणसाला हा अन्याय वाटतो. पण फेरी रद्द केली नाही तर दुपारची गर्दी संध्याकाळच्या गर्दीस जाऊन मिळेल आणि मग रात्रीपर्यंत काही सुटणार नाही. रद्द करण्याबद्दल आमची तक्रार नाही. लोकांना न सांगता रद्द करण्याबद्दल आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

दारात लटकणाऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले, काही प्राणास मुकले. त्या दिवशी पूर आला नव्हता. आठवड्याचा पहिला दिवस, नेहमीची सकाळ होती. नेहमीच्या सकाळी जेथे हे घडते, तेथे दहा फेऱ्या रद्द झाल्यावर काय होत असेल याचा विचार करावा, म्हणजे वेळापत्रक हा केवळ सोयीचा विषय राहत नाही.

मोडतोडीची गोष्ट याहून बिकट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जेथल्या तेथे उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर रूळ उघडे पडले खरे. पण लोकलच्या मोटरी डब्याखाली, चाकांजवळ असतात. त्यांत पाणी गेले की वीज सोडण्याआधी त्या सुकवाव्या लागतात, तपासाव्या लागतात. हे काम फलाटावर होत नाही. त्यास कारशेड लागते. मध्य रेल्वेची कुर्ला, कळवा, सानपाडा. पश्चिमेची मुंबई सेंट्रल, कांदिवली, विरार. बंद पडलेली गाडी तेथपर्यंत ओढून न्यायची, त्याच रुळावरून, ज्यावरून लोकांना गाड्या हव्या आहेत! आणि ज्या गाड्या सुक्या राहिल्या त्या जेथे हव्या तेथे असतीलच असे नाही. बदलापूरला रात्री चार रेक मुक्कामास हवेत आणि प्रत्यक्षात दोनच पोचले, तर उद्या पहाटेच्या दोन फेऱ्या आजच रात्री मेल्या. रिकाम्या गाड्या योग्य ठिकाणी नेऊन ठेवण्यास मध्यरात्रीनंतरचे जेमतेम तीन-चार तास मिळतात. आणि तेच तास रुळांच्या दुरुस्तीसाठी गँगमन मागत असतो.

त्यातही गाडीसारखी गाडी नसते. काही रेक बारा डब्यांचे, काही पंधरा. पंधरा डब्यांची गाडी आखूड फलाटावर थांबविता येत नाही. डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल आली; तिची दारे बंद होण्यास वेळ लागतो, आणि तिचे तिकीट वेगळे. साध्या गाडीच्या जागी ती आणली तर साध्या पासवाल्यांनी कोठे जावे? पत्त्यांच्या डावात एक्का गेला म्हणून दुर्रीने भागवावे तसे येथे चालत नाही.

सिग्नल बिघडला तर आणखी निराळे दुखणे. एप्रिल २०१२ मध्ये कुर्ला-विद्याविहार दरम्यान सिग्नलच्या केबलांना आग लागली आणि मध्य रेल्वेचे प्रवासी त्यापुढचे काही दिवस हाल सोशीत होते. रूळ शाबूत, गाड्या शाबूत, वरची वीजवाहक तार शाबूत. मग अडले कोठे? सिग्नलची यंत्रणा दोन गाड्यांना एकाच वेळी एकच मार्ग मिळू देत नाही. सांधा बरोबर बसल्याची खात्री झाल्याखेरीज हिरवा दिवा लागू देत नाही. ती जळाली की ही खात्री माणसाने रुळावर उतरून, सांध्याला कुलूप लावून, चिठ्ठी लिहून करावयाची. एका चिठ्ठीला जितकी मिनिटे लागतात तितक्यांत एरव्ही दोन गाड्या गेल्या असत्या. १७ जून २०१५ रोजी मध्य प्रदेशात इटारसी जंक्शनची अशीच यंत्रणा जळाली, तेव्हा नवी उभी करून गाड्या पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे गेले. देशभरच्या शेकडो गाड्या त्यात रद्द झाल्या किंवा वळवाव्या लागल्या. प्रत्येक तार लावल्यावर एकेक मार्ग तपासून पाहावा लागतो. तेथे घाई करणारा माणूस आम्हांस शत्रू वाटेल.

रूळ पुन्हा टाकल्यावरही त्यावरून पहिल्या दिवशी पूर्ण वेगाने गाडी नेत नाहीत. खडी दबू द्यावी लागते. समजा एक किलोमीटरवर ताशी २० किलोमीटरची मर्यादा घातली. एरव्ही ताशी ८० ने तो तुकडा पाऊण मिनिटात संपला असता; आता तीन मिनिटे लागतात. त्यात लोकल अडीचशे मीटरांहून लांब, म्हणजे शेवटचा डबा बाहेर पडेतो वेग वाढविता येत नाही. तीन मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडण्याची कल्पना तेथेच संपली. जितके दिवस ही मर्यादा राहील तितके दिवस कागदावरच्या सर्व रेघा त्या ठिकाणी वाकवून काढाव्या लागतात. तात्पुरते वेळापत्रक म्हणजे हेच.

आता माणसांच्या चक्राकडे येतो. आमचा विषय तोच आहे, आणि बहुतेक चर्चांत तो शेवटी एका ओळीत उरकला जातो.

३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरीस गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. एका मोटरमनने वेळीच ब्रेक लावून आपली गाडी अलीकडे थांबविली; त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. दुपारपासून एकेक मार्ग खुला होत गेला, जलद मार्ग संध्याकाळपर्यंत गेले. आता कल्पना करा की त्या मोटरमनचे काम सकाळी सहाला सुरू झाले होते आणि दुपारी बाराला विरारला संपावयाचे होते. बाराला तो वाटेतच आहे. त्याच्याकडून जी गाडी दुसऱ्याने घ्यायची, तो दुसरा विरारला बसून आहे. आणि ज्या गाडीने या दुसऱ्याने चर्चगेटला जायचे, ती गाडी आलेली नाही. एकीकडे गाडी आहे, माणूस नाही. दुसरीकडे माणूस आहे, गाडी नाही. शंभर-दीडशे माणसांच्या बाबतीत हे एकाच वेळी झाले की लॉबीतल्या कारकुनापुढे जो गुंता पडतो तो संगणकही चुटकीसरशी सोडवू शकत नाही. कारण संगणकास हेच ठाऊक नसते की अमुक माणूस या क्षणी कोठे आहे आणि किती दमला आहे.

"थोडे जास्त चालवायला काय जाते?" असे विचारणारे भेटतात. जाते ते असे. मोटरमन एकटा असतो. दर थोड्या वेळाने एक सिग्नल, दर दोन-तीन मिनिटांनी एक स्टेशन, रुळ ओलांडणारी माणसे सतत. लाल दिवा एकदा डोळ्यांआड झाला तर पुढच्या गाडीत हजारो माणसे आहेत. इंजिनचालकांना तासांची मर्यादा कोणी दानात दिलेली नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांनी संप केला तेव्हा दहा तासांची पाळी सरकारने मान्य केली. ते नीट अमलात येत नाही, ही तक्रार ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपामागच्या कारणांपैकी एक होती. वीस दिवस तो संप चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले. चालकाला झोप मिळावी ही मागणी चालकाइतकीच प्रवाशाच्याही हिताची आहे, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगत आलो, आणि प्रत्येक सभेत ते नव्याने सांगावे लागते.

माणूस तासांनीच नव्हे, ओळखीनेही बांधलेला असतो. हार्बरच्या मोटरमनला उद्या कसाऱ्याकडे पाठविता येत नाही. प्रत्येक मार्गावरचे सिग्नल, चढउतार, वळणे, ब्रेक लावण्याच्या जागा त्यास आधी जाणत्याबरोबर फिरून शिकाव्या लागतात. दर्यावर गेलेल्याला हे सांगण्याची गरज नाही. होडी चालविता येणे निराळे आणि राजपुरीच्या खाडीतला खडक ठाऊक असणे निराळे.

हे न मानल्याने काय होते, ते इंग्लंडने २०१८ मध्ये दाखविले. २० मे रोजी तेथे मोठे नवे वेळापत्रक लागू झाले. उत्तरेकडे विद्युतीकरणाचे काम लांबल्याने आखणी ऐनवेळी पुन्हा करावी लागली होती, आणि कागद तयार झाले तरी पुष्कळ चालकांनी नवे मार्ग शिकून घेतलेले नव्हते. लंडनभोवतीच्या थेम्सलिंक आणि उत्तरेकडच्या नॉर्दर्न या गाड्यांचा पार बोजवारा उडाला. शेवटी नॉर्दर्नने ४ जूनपासून दररोज १६५ गाड्या वगळून तात्पुरते वेळापत्रक लावले. पूर नाही, आग नाही. फक्त माणसांचे चक्र मागे राहिले आणि काटा पुढे ढकलला.

आपल्याकडे हे चक्र किती ताणलेले आहे ते १० फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी दिसले. मध्य रेल्वेचे पुष्कळ मोटरमन एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले. त्या संध्याकाळी अनेक लोकल रद्द झाल्या, लोक स्टेशनांत अडकले, मोटरमनना दूषणे मिळाली. आम्ही एवढेच विचारतो : स्मशानात जाऊन आलेल्या काही माणसांवाचून जर गाड्या चालत नसतील, तर पूर आल्यावर सुटी माणसे कोठून आणणार? कोणत्याही पाळीत शंभरांमागे काही माणसे राखीव असली पाहिजेत, हे साध्या गिरणीतही 'बदली' कामगारांच्या रूपाने मानलेले होते. हिशेबनीसाला राखीव माणूस बसून पगार खाणारा दिसतो, कारशेडमधला राखीव रेक निकामी पैसा दिसतो. संकटाच्या दिवशी ते जो वेळ वाचवितात तो त्याच्या वहीत लिहिण्यास रकानाच नाही. त्या दिवसाचा खर्च दुसऱ्याच कोणाच्या तरी वहीत लिहिला जातो. आम्ही पाहिलेल्या एका कारखान्यात तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापीत. गाडी बंद होती हे सर्व शहराला ठाऊक असले, तरीही. बिगारीवर जाणाऱ्यास तर लेटमार्कही नाही. नाक्यावर उशिरा पोचला की त्या दिवसाचे कामच गेले.

तेव्हा अटळ काय? पाणी गेलेल्या मोटरी सुकविणे, सिग्नल तपासणे, खडी दबू देणे, थकलेल्या माणसास झोपू देणे. यांतले एकही मिनिट कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. टाळता येण्याजोगे काय, ते मात्र एका नित्याच्या उदाहरणावरून दिसते. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रेल्वे जाहीर करते, "आज रविवारचे वेळापत्रक." फेऱ्या कमी होतात, आणि तरी गोंधळ होत नाही. एका रात्रीत एवढा बदल कसा जमतो? रविवारच्या वेळापत्रकाची रेकची लिंक, माणसांची लिंक, कारशेडची यादी, सारे आधीच बनवून ठेवलेले असते म्हणून. २०२४ मध्ये ३० मेच्या मध्यरात्रीपासून २ जूनपर्यंत ठाण्याचा फलाट रुंद करण्यास ६३ तासांचा ब्लॉक घेतला, नऊशेच्या वर फेऱ्या रद्द केल्या. पण त्या आधी सांगून रद्द केल्या, आणि ज्यांना शक्य होते ते घरी राहिले.

करोनाच्या काळात तर हा धडा दीड वर्षे चालू होता. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक कामावरच्या लोकांपुरत्या थोड्या सुरू झाल्या. २९ जानेवारी २०२१ पासून ३,१४१ पैकी २,९८५ फेऱ्या धावू लागल्या. आणि सर्वच्या सर्व धावण्यास २८ ऑक्टोबर २०२१ उजाडला. तो उशीर मुख्यतः साथीचा आणि सरकारी निर्णयांचा होता, रेल्वेच्या आखणीचा म्हणता येणार नाही. परंतु एवढ्या पायऱ्यांनी वेळापत्रक वाढविता आले, याचा अर्थ निरनिराळ्या आकाराची वेळापत्रके बनविण्याची हातोटी रेल्वेकडे आहे.

मग पावसाळ्यासाठी ती आधीच का बनवू नयेत? पाणी कोठे भरते हे काही गूढ नाही. शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये भरते, हे मुंबईचे शेंबडे पोरही सांगेल. ते बंद पडल्यावर पलीकडे ठाणे ते कल्याण, कर्जत, कसारा अशा गाड्या रेल्वे आजही सोडते. पण कोणती गाडी, किती वाजता, हे ध्वनिक्षेपकावर त्या क्षणी कळते, आणि ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्यालाही बहुधा त्याच क्षणी कळते. त्याऐवजी 'शीव-कुर्ला बंद' या नावाचे एक पुरे वेळापत्रक मे महिन्यातच छापून स्टेशनांत लावावे. त्यात कळव्याच्या कारशेडमध्ये किती रेक राखून ठेवायचे, कल्याणच्या लॉबीत किती मोटरमन व गार्ड झोपायचे, कोणत्या फेऱ्या रद्द समजाव्या, हे लिहिलेले असावे. कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनीही तेच वेळापत्रक पाहून त्या दिवशीची हजेरी धरावी. अशी आणखी दोन-तीन करावी लागतील, पश्चिम रेल्वेस तिच्या सखल जागांची वेगळी. त्यास सुटी माणसे लागतील आणि सुटे रेक लागतील. फुकट काही होणार नाही. पण मग पाऊस सुरू झाल्या रात्री कंट्रोलमधल्या माणसाने एक नाव उच्चारले की पहाटेची पहिली गाडी ठाण्याहून कल्याणकडे आपल्या वेळेस निघेल, कुर्ल्याचे पाणी उतरो वा न उतरो. आणि डोंबिवलीहून ठाण्याला कामास जाणारा मुरुडचा पोरगा रात्रीच फोन करून सांगू शकेल की उद्या आपली गाडी किती वाजता आहे.